तिकिटाची गच्ची आणि जिना नसलेला मनोरा

मराठीतील परदेश-प्रवासवर्णनांत एक पान जवळजवळ ठरलेले असते. लेखक न्यूयॉर्कला पोहोचतो, एम्पायर स्टेट इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरतो, त्याच्या कानांना दडे बसतात आणि मिनिटाभरात तो ऐंशीव्या मजल्यावर जाऊन उभा राहतो. आणखी सहा मजले चढून तो गच्चीवर येतो. खाली पाहतो, तर मोटारी काड्यापेट्यांएवढ्या आणि माणसे मुंग्यांएवढी. मग मानवी कर्तृत्वाविषयी दोन वाक्ये, वाऱ्याने उडू पाहणाऱ्या टोपीविषयी एक विनोद, आणि लेखक खाली उतरतो. वाचकही त्याच्याबरोबर उतरतो. कोणाचे काही बिघडलेले नसते.

हे पान खोटे असते असे माझे म्हणणे नाही. मीही त्या गच्चीवर उभा राहून आलो आहे आणि मलाही मोटारी तेवढ्याच दिसल्या. माझा आक्षेप ‘माणसे मुंग्यांसारखी दिसली’ या वाक्यातील निर्धास्तपणावर आहे. हे वाक्य लिहिताना लेखकाचा हात थबकत नाही. ज्या समाजात आपला जन्म झाला त्या समाजात आपल्याला मुंगीएवढे पाहिले गेले. तेही ३२० मीटर उंचीवरून नव्हे, हाताच्या अंतरावरून. ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्याचा हात आणि आपली ओंजळ यांत किती अंतर होते? तरीही तो उंचावर होता आणि आपण खाली. उंची ही फुटांत मोजायची गोष्ट नाही हे ज्यांना जन्माने शिकवले, त्यांनी हे ठरलेले पान पुन्हा एकदा वाचले पाहिजे.

म्हणून या लेखात मी त्या गच्चीलाच एक संहिता मानून वाचणार आहे. ती कोणी लिहिली, तिच्यात काय दाखवले आहे, काय गाळले आहे, आणि ती वाचणाऱ्याला काय बनवते, हे प्रश्न आपण कथा-कवितेला विचारतो. ते गच्चीलाही विचारता येतात.

दोन

एम्पायर स्टेटचे बांधकाम १७ मार्च १९३० रोजी सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी इमारतीचे उद्घाटन झाले. १०२ मजले, छतापर्यंत ३८१ मीटर उंची. जगभर मंदी होती, माणसे कामासाठी वणवण फिरत होती, आणि ऐन कामाच्या दिवसांत येथे तीन हजारांवर मजूर राबत होते. एवढ्या वेगाने एवढी इमारत उभी राहिली याचे श्रेय नेहमी नियोजनाला दिले जाते. नियोजन होतेच. पण फाटकाबाहेर बेकारांची रांग उभी असताना आत काम करणाऱ्याचा हात आपोआप वेगाने चालतो, हेही नियोजनाइतकेच खरे आहे.

इमारत उभी राहिली, पण तिच्यात कचेऱ्या थाटायला भाडेकरू मिळेनात. न्यूयॉर्कचे लोक तिला ‘एम्प्टी स्टेट’, म्हणजे रिकामी इमारत म्हणू लागले. १९५० च्या सुमारापर्यंत ती नफ्यात आली नाही. त्या रिकाम्या वर्षांत मालकांना मोठा आधार होता तो गच्चीच्या तिकिटांचा. ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मजले रिकामे होते, आणि त्या रिकाम्या मजल्यांवरून खाली पाहण्याची विक्री चालू होती. त्याच काळात सेंट्रल पार्कमध्ये बेघर बेकारांनी झोपड्या उभारल्या होत्या. एका शहरात एकाच वेळी माणसांना छप्पर नव्हते आणि छपरांना माणसे नव्हती. या दोहोंच्या मध्ये जे उभे होते त्याचे नाव मालकी.

तेव्हापासून हा धंदा वाढतच गेला आहे. न्यूयॉर्कमध्ये आज अशा अनेक गच्च्या आहेत आणि त्यांची एकमेकींशी स्पर्धा आहे. कोठे काचेची जमीन, कोठे आरशांच्या खोल्या. एम्पायर स्टेटमध्ये ८६ व्या मजल्याचे तिकीट वेगळे आणि १०२ व्या मजल्यासाठी वर पैसे वेगळे. रांगेत फार वेळ उभे राहायचे नसेल तर त्याचेही पैसे. म्हणजे वर पोहोचण्याआधीच, रांगेतच, वरचे आणि खालचे ठरून जाते. मात्र एक मान्य केले पाहिजे, की तिकिटाच्या खिडकीवर जात विचारत नाहीत. पैसा विचारतात. हा फरक लहान नाही आणि पुरेसाही नाही.

तीन

गच्चीवर जाण्याच्या वाटेवर दुसऱ्या मजल्यावर एक प्रदर्शन आहे. २०१९ साली ते नव्याने सजवले गेले. तेथे इमारत बांधणाऱ्या मजुरांचे माणसाएवढे पुतळे आहेत. येणारे-जाणारे त्यांच्या शेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतात. थोडे पुढे किंगकाँगचा प्रचंड पंजा आहे. तेथे गर्दी अधिक. मजूर आणि माकड या दोघांनाही या इमारतीने सारखाच मान दिला आहे. दोघेही छायाचित्रापुरते आहेत.

पण मजुराचे खरे चित्र काढणारा एक माणूस या इमारतीला लाभला होता. ल्युइस हाइन हा छायाचित्रकार. त्याने आधी बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या समितीसाठी गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढली होती. १९३० साली त्याला एम्पायर स्टेटचे काम मिळाले. मजूर ज्या तुळईवर उभा असे तेथवर हा माणूस, वयाची पन्नाशी उलटलेली असताना, कॅमेरा घेऊन चढत असे. एका टोपलीत बसून त्याने स्वतःला इमारतीबाहेर हवेत सोडून घेतले. त्याच्या चित्रांत मजूर मुंगीएवढा नाही. तो चौकट भरून आहे आणि शहर त्याच्या पायाखाली धूसर आहे. प्रवासी ज्या उंचीवरून माणसाला लहान पाहतो त्याच उंचीवरून हाइनने माणसाला मोठा पाहिला. म्हणजे दोष उंचीचा नाही, पाहण्याचा आहे. हाइन १९४० साली दारिद्र्यात वारला.

याच्या शेजारी दुसरे एक छायाचित्र ठेवून पाहावे. उंच तुळईवर ओळीने बसून जेवणारे अकरा मजूर. ते आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेले असते आणि पुष्कळदा ते हाइनचे आणि एम्पायर स्टेटचे समजले जाते. ते दोघांचेही नाही. ते १९३२ सालचे, रॉकफेलर सेंटरच्या इमारतीवरचे आहे आणि त्या इमारतीच्या जाहिरातीसाठी जुळवून आणलेले आहे. त्यातील बहुतेकांची नावे जगाला ठाऊक नाहीत. आता २०२३ च्या डिसेंबरपासून त्याच इमारतीच्या माथ्यावर पर्यटकांना पट्टा बांधून एका तुळईवर बसवतात, तुळई वर उचलतात आणि छायाचित्र काढतात. पैसे अर्थातच वेगळे. ज्या जागी पोटासाठी जीव धोक्यात घालून बसावे लागे, त्या जागी आता गंमत म्हणून, सुरक्षित, पैसे मोजून बसायचे. कष्टाचा धोका काढून घेतला, कष्ट काढून घेतले, मजुरी काढून घेतली, आणि उरला तो देखावा विकायला ठेवला. आपल्याकडे दलितांच्या दुःखाचे काही वाङ्मयीन कौतुक झाले तेही याच जातीचे होते. त्या कौतुकात आपली झोपडी होती, आपली भाषा होती, आपली शिवीसुद्धा होती. फक्त आपला प्रश्न नव्हता.

चार

आता गच्चीवरून दिसते काय ते पाहू. उत्तरेकडे सेंट्रल पार्कचा हिरवा तुकडा दाखवतात. शहराचे फुप्फुस म्हणून त्याचे कौतुक होते. त्या हिरव्या तुकड्याच्या पश्चिम अंगाला सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून काळ्या लोकांनी तेथे स्वतःच्या पैशाने जमिनी विकत घेतल्या, घरे बांधली, चर्च उभारली, शाळा चालवली. न्यूयॉर्क राज्यात गुलामी कायद्याने संपली ती १८२७ साली, आणि काळ्या माणसाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता असावी लागे. तेव्हा जमिनीचा तुकडा म्हणजे नुसता निवारा नव्हता, तो नागरिकत्वाचा दाखला होता. १८५७ साली बागेसाठी ती वस्ती उठवण्यात आली. गच्चीवरून हे दिसत नाही. गच्चीवरून झाडे दिसतात.

दक्षिणेकडे उंच इमारतींच्या गर्दीत वूलवर्थ इमारतीचा हिरवट शेंडा शोधावा लागतो. २४ एप्रिल १९१३ रोजी तिचे उद्घाटन झाले तेव्हा ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. २४१ मीटर. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून कळ दाबली आणि येथे हजारो दिवे लागले. लोक तिला व्यापाराचे मंदिर म्हणू लागले. तिलाही पाहणीची गच्ची होती, ती १९४१ पर्यंत लोकांना खुली होती. ज्या वर्षी विल्सन यांनी ही दिव्यांची कळ दाबली त्याच वर्षी त्यांच्या सरकारने केंद्रीय कचेऱ्यांतील काळ्या नोकरांना गोऱ्यांपासून वेगळे बसवायला सुरुवात केली.

ही इमारत उभी राहिली ती पाच आणि दहा सेंटांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांच्या पैशांतून. वूलवर्थने ती रोख पैसे मोजून बांधली. त्या पैशांत काळ्या गिऱ्हाइकांचे सेंटही होते. पुढे १ फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो गावी वूलवर्थच्या दुकानात चार काळे विद्यार्थी आले. त्यांनी काही किरकोळ वस्तू विकत घेतल्या, त्या त्यांना मिळाल्या. मग ते खाण्याच्या टेबलाशी बसले आणि कॉफी मागितली. ती मिळाली नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी अधिक विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. जुलैमध्ये त्या दुकानाला आपला नियम सोडावा लागला.

त्या टेबलाची गोष्ट महाडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे घडले त्याचे मर्मही हेच होते. तळे सार्वजनिक, नगरपालिकेने ते सर्वांना खुले केलेले, गुराढोरांना तेथे मज्जाव नाही, आणि माणसाला आहे. पैसा चालतो, श्रम चालतात, माणूस चालत नाही. अमेरिकेतील वर्णभेद आणि आपल्याकडील जातिभेद एकच आहेत असे मी म्हणत नाही. एकाचा आधार गुलामीत आणि कातडीत आहे, दुसऱ्याचा धर्मशास्त्रात आणि जन्मात. पण कॉफीचा पेला आणि ओंजळभर पाणी यांत नाते आहे, आणि ते नाते १९७२ साली दलित पँथर हे नाव घेणाऱ्या तरुणांनी ओळखले होते.

वूलवर्थ इमारतीपासून चालत काही मिनिटांवर आणखी एक जागा आहे. १९९१ साली तेथे ३४ मजल्यांच्या सरकारी इमारतीचा पाया खणताना माणसांची हाडे सापडू लागली. अठराव्या शतकात आफ्रिकी लोकांना, म्हणजे मुख्यतः गुलामांना, शहराच्या हद्दीबाहेर येथे पुरत. सुमारे १५,००० माणसे तेथे पुरली गेली असा अंदाज आहे. ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढून अभ्यासले गेले आणि काळ्या जनतेच्या आग्रहामुळे २००३ साली पुन्हा सन्मानाने मातीत ठेवले गेले. २००६ साली ते राष्ट्रीय स्मारक झाले. त्या शहरातील गगनचुंबी इमारतींचा पाया काँक्रीटचा आहे एवढेच आपण ऐकलेले असते. काही ठिकाणी तो माणसांचा आहे. कोणतीही गच्ची ते दाखवू शकत नाही, कारण गच्ची वरचे दाखवते. खालचे पाहायला खणावे लागते.

पाच

ज्या १९१३ साली वूलवर्थ इमारतीचे दिवे लागले त्याच वर्षी जुलै महिन्यात बाबासाहेब आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरले. तीन वर्षे ते जगातील सर्वांत उंच मनोऱ्याच्या शहरात राहिले. पण त्यांच्या न्यूयॉर्कची खूण मनोरा ही नाही, कोलंबियाचे ग्रंथालय ही आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी तेथे सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. पर्यटक शहर पाहतो, विद्यार्थी शहराचा उपयोग करतो. हा भेद आपल्या प्रवासवर्णनांच्या समीक्षेने कधी मनावर घेतला नाही.

पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्यातील ‘मनोगत’ या अग्रलेखात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे त्या मनोऱ्याचा एकेक मजला, आणि या मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने त्याच मजल्यावर मरावे. आपल्याकडे ही उपमा इतक्यांदा उद्धृत झाली आहे की तिची वाङ्मयीन ताकद आपण पाहीनासे झालो आहोत. तिच्यात दोन गोष्टी आहेत. खालचा लायक माणूस वर जाऊ शकत नाही ही एक, आणि वरचा नालायक माणूस खाली येऊ शकत नाही ही दुसरी. पहिली गोष्ट सर्वांना आठवते. दुसरी सोयीस्करपणे विसरली जाते. वास्तविक व्यवस्थेवरचा खरा घाव दुसरीत आहे.

आता ही उपमा गच्चीच्या शेजारी ठेवा. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे, ती वर नेते आणि खालीही आणते. कितीही पैसे मोजले तरी संध्याकाळी रस्त्यावर यावेच लागते. आपल्या मनोऱ्यात कोणी पर्यटक नाही, सगळे जन्मठेपेचे रहिवासी. आणखी एक फरक आहे. न्यूयॉर्कच्या इमारतीत खाली पाहण्याची सोय माथ्यावर आहे. आपल्या मनोऱ्यात प्रत्येक मजल्याला सज्जा आहे आणि प्रत्येक सज्जातून फक्त खालचेच दिसते. म्हणून मधल्या मजल्यावरचा माणूस वरच्याविरुद्ध उठत नाही. त्याला त्याच्यापुरता खालचा देखावा मिळालेला असतो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. हा मनोरा अडीच हजार वर्षे टिकला तो वरच्यांच्या बळावर नव्हे. मजल्यामजल्यावर सज्जे काढून दिल्यामुळे टिकला.

सहा

मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताने १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातील एका प्रकरणाची सुरुवात अशाच एका गच्चीवरून केली आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११० व्या मजल्यावरून. ते मनोरे ११ सप्टेंबर २००१ रोजी कोसळले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की वरून पाहणाऱ्याला शहर एखाद्या लिखित पानासारखे वाचता येते आणि त्याला आपण देवाच्या जागी आहोत असे वाटू लागते. पण शहर खरोखर घडवतात ते खाली चालणारे लोक. ते आडवाटा काढतात, नियम वाकवतात, आणि त्यांचे चालणे कोणत्याही नकाशात मावत नाही.

हे विवेचन मोलाचे आहे आणि आपल्या समीक्षकांनी ते वाचले पाहिजे. पण त्याच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. द सर्तोचा चालणारा माणूस मोकळा आहे. रस्ता त्याचा आहे हे त्याने गृहीत धरले आहे. आपल्या इतिहासात रस्ता हाच लढ्याचा विषय आहे. वायकोमला १९२४ साली सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून. पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील भाषणात नोंदवले आहे. ज्याच्या चालण्याच्या खुणाही पुसल्या जात होत्या त्याच्या चालण्याला शहराचे लेखन म्हणायचे कसे? ‘वर’ आणि ‘खाली’ एवढी विभागणी पुरत नाही. खालच्यांतही रस्त्यावर कोण आणि गटारात कोण, हे विचारावे लागते. मैला साफ करायला माणूस लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, आणखी कडक कायदा २०१३ साली झाला, आणि तरीही गटारांत उतरलेली माणसे गुदमरून मरत आहेत. शहराचा तळमजला हा शेवटचा मजला नव्हे.

आणि दरवाज्यांचे काय? बाबासाहेब ज्या कोलंबियात शिकले ते टेकाडावर आहे आणि मॉर्निंगसाइड पार्कच्या उतारापलीकडे खाली हार्लेम. १९६८ साली विद्यापीठ त्या उतारावर व्यायामशाळा बांधणार होते. विद्यार्थ्यांचे दार वरच्या बाजूला, हार्लेमच्या काळ्या लोकांचे दार खालच्या बाजूला. विद्यार्थी आणि हार्लेमचे लोक एकत्र आले आणि ती योजना सोडून द्यावी लागली. आज मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत रहिवाशांची लिफ्ट वेगळी आणि मोलकरणींची, सामानवाल्यांची, कचरा नेणाऱ्यांची वेगळी अशी व्यवस्था सर्रास दिसते. मनोऱ्याला अखेर लिफ्ट आली, आणि तिच्यावरही पाटी लागली.

सात

मग आपण काय करायचे? गच्चीवर जायचे नाही? तसे मुळीच नाही. खाली राहणे यात काही पुण्य नाही. दारिद्र्याचे आणि खालपणाचे गोडवे गाणे हा वरच्यांचा छंद आहे, आपला नव्हे. आज आपल्यातील कितीतरी मुले-मुली शिकून अमेरिकेत गेली आहेत. त्यांचे आईबाप तिकडे जातात, कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयातील बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यापुढे नतमस्तक होतात, गच्चीवरही जातात आणि छायाचित्रे गावी पाठवतात. ज्या आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या घरची फरशी पुसली ती ८६ व्या मजल्यावर उभी राहते, तेव्हा त्या छायाचित्राला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. वर जाणे हा हक्क आहे आणि तो मिळवलेला आहे.

प्रश्न त्यानंतरचा आहे. वर गेल्यावर आपण काय लिहितो? दलित लेखकांची प्रवासवर्णने आता येऊ लागली आहेत. त्यांतील काही वाचताना मला ते ठरलेले पान पुन्हा भेटले. तेच कानांचे दडे, त्याच काड्यापेट्या, त्याच मुंग्या. आत्मकथेत ज्यांनी खालून पाहिलेला समाज इतक्या निर्भीडपणे मांडला, त्यांचे डोळे विमानात बसताच बदलतात काय? सिअ‍ॅटल शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध नियम करावा लागला. याचा अर्थ सामानाबरोबर आपले लोक मनोराही घेऊन गेले आहेत. त्या प्रवासवर्णनांत ही गोष्ट का येत नाही? आणि आपल्यातही जे एक मजला वर आले, ते आपल्याच पोटजातींकडे, आपल्याच वस्तीत मागे राहिलेल्यांकडे, कोणत्या सज्जातून पाहतात? हा प्रश्न अप्रिय आहे. पण तो आपण विचारला नाही तर दुसरे विचारतील, आणि ते भलत्याच हेतूने विचारतील.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवर पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या नावात ‘लोकस्थिती’ हा शब्द आधी घातला आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. त्या क्रमात एक दृष्टी आहे. आधी माणसे कशी जगतात ते, मग मी कोठे कोठे गेले ते. नंतरच्या बहुसंख्य प्रवासवर्णनांनी हा क्रम उलटा केला आणि लोकस्थिती वाटेत गळून पडली. तो क्रम पुन्हा सरळ करण्याचे काम दलित लेखकाचे आहे, कारण लोकस्थिती त्याच्या अंगावरून गेलेली आहे.

मी गच्चीवरून खाली आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. लिफ्टच्या दाराशी एक काळी बाई जमीन पुसत होती. वर जाणारे आणि खाली येणारे दोन्ही लोंढे तिला वळसा घालून जात होते. ‘जमीन ओली आहे’ अशी एक पिवळी पाटी तिने शेजारी उभी केली होती. पाटीकडे सगळे पाहत होते.